‘करू देतो’ म्हणणारे आपण कोण?



प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी आपण याकोबाच्या विहिरीपाशी आलेल्या शमरोनी स्त्रीचे शुभवर्तमान ऐकतो (योहान ४:५-४२). जागतिक महिला दिनही याच दिवसांत येतो. त्या दिवशी महिला मंडळाचा सत्कार होतो, गुलाबाची फुले वाटली जातात, मिस्सानंतर फोटो निघतात. हे सगळे चांगलेच आहे. पण घरी परतल्यावर त्या फुलाचे काय होते, हा प्रश्न मला या शुभवर्तमानाच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवावासा वाटतो.

घरांना आशीर्वाद द्यायला जातो तेव्हा एक वाक्य मी बऱ्याच घरांत ऐकतो. “फादर, आमच्याकडे बायकांना पूर्ण मोकळीक आहे. मी हिला नोकरी करू देतो. सुनेला ड्रेस घालू देतो. मुलीला कॉलेजच्या ट्रिपला जाऊ दिले.” बोलणारा माणूस सज्जन असतो. तो दारू पीत नाही, हात उगारत नाही, दर रविवारी सहकुटुंब मिस्साला येतो. त्याच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण त्याच्या वाक्यातले क्रियापद पाहा. करू देतो, जाऊ देतो, घालू देतो. आजवर कुठल्याही घरात एखादी पत्नी मला असे म्हणालेली नाही की, “फादर, मी यांना नोकरी करू देते.” म्हटले तर आपण सगळेच हसू.

आपल्याला हसू का यावे? कारण पुरुषाचे स्वातंत्र्य त्याच्याजवळ असतेच असे आपण धरून चालतो, आणि स्त्रीचे स्वातंत्र्य मात्र कोणीतरी दिले तरच असते. आधी बाप देतो, मग नवरा देतो, पुढे मुलगा देतो. जो देतो तो उद्या काढूनही घेऊ शकतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला एक फरक शिकवला होता. मालक दयाळू असला म्हणून गुलाम स्वतंत्र होत नाही, कारण त्याचे सुख मालकाच्या मर्जीवर टांगलेले असते. आपल्या घरातल्या स्त्रिया गुलाम आहेत असे मी म्हणत नाही. पण त्यांची मोकळीक कुणाच्या मर्जीवर टांगलेली आहे, हे प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावे.

कल्याणची यमुना

ही गोष्ट समजून घ्यायला आपल्याला लांब जायला नको. १८५४ साली ठाण्याची आगगाडी कल्याणपर्यंत आली. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८६५ साली, कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना नावाची मुलगी जन्माला आली. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते विधुर होते आणि तिच्यापेक्षा वयाने बरेच मोठे होते. लग्नानंतर तिचे नाव आनंदी ठेवले गेले. याच आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी.

गोपाळरावांनी पत्नीला शिकवायचे ठरवले. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. पुस्तके हातात घेऊन शाळेत चालत जाणारी विवाहित मुलगी दिसली की लोक रस्त्यात थांबून बघत, हसत, टोमणे मारत. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. आपल्या बायकांना पुरुष डॉक्टरकडे जाण्याचा संकोच वाटतो, म्हणून बाईनेच डॉक्टर झाले पाहिजे, हे तिच्या मनाने घेतले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे तिने जाहीर सभेत आपण अमेरिकेला का जात आहोत हे सांगितले. एप्रिल महिन्यात, वयाच्या अठराव्या वर्षी, ती नवऱ्याशिवाय बोटीत बसली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागासाठी तिची नेमणूकही झाली होती, पण क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

ही कथा आपण शाळेच्या पुस्तकातून ओळखतो. त्यातला एक भाग मात्र आपण सहसा सांगत नाही. ज्या गोपाळरावांनी तिला शिकवले, त्यांनीच अभ्यासात कुचराई झाली म्हणून तिला मारले. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात तिने त्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. दहाव्या वर्षी लाकडाने खाल्लेला मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या. काही चांगले साधण्यासाठी हे केले असे नवऱ्याने म्हणावे, आणि त्या कोवळ्या मुलीच्या मनावर काय झाले हे कोणी विचारूच नये, ही तिची व्यथा होती.

बंधुभगिनींनो, गोपाळरावांनी केलेले काम लहान नव्हते. त्यांच्याशिवाय आनंदीबाई घडल्या नसत्या. तरीही तिने शिकावे की नाही, किती शिकावे, कधी थांबावे, हे ठरवण्याचा हक्क त्यांनी आपल्याच हातात ठेवला होता. शाळेत पाठवणारा हात आणि मारणारा हात एकच होता. म्हणूनच ‘करू देतो’ या शब्दाने मी अस्वस्थ होतो.

आपल्या ख्रिस्ती घराचे काय?

एखाद्या मंदिराच्या चौथऱ्यावर किंवा दर्ग्यात स्त्रियांना प्रवेश नाही म्हणून खटला चालतो, तेव्हा आपण वर्तमानपत्र वाचून मान हलवतो. २०१६ साली शनी शिंगणापूरच्या आणि मग हाजी अलीच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामातही चर्चा झाली. आपल्याकडे असले काही नाही, असा बऱ्याच जणांचा सूर होता. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ लगेच दिसते, ते असे.

आनंदीबाईंच्याच कथेत ख्रिस्ती लोकांचा वाटा कसा होता पाहा. पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याकडे मदत मागितली. त्याने त्यांचे पत्र आपल्या मासिकात छापले, पण उत्तर असे की आधी ख्रिस्ती व्हा. पुढे न्यू जर्सीतल्या श्रीमती कार्पेंटर यांनी ते पत्र वाचले आणि कुठलीही अट न घालता या मुलीला आपल्या घरी बोलावले. आनंदीबाई शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या, आणि त्या बाईंनी तिला मुलीसारखे सांभाळले. मिशनरी आणि कार्पेंटरबाई दोघेही प्रोटेस्टंट होते. पण दोघांपैकी प्रभूच्या जवळ कोण होते, हे ओळखायला आपल्याला अडचण पडू नये.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला हजर असलेल्या त्यांच्या नातलग पंडिता रमाबाई यांचेही असेच. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली. पुरुषांनी भरलेल्या सभांपुढे त्या शास्त्रांवर बोलत. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा भारतातल्या अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली! हिंदू असताना जे त्या उघडपणे करत होत्या, ते ख्रिस्ती झाल्यावर अनुचित ठरले. रमाबाईंनी हे मुकाट्याने मान्य केले नाही. आपल्या सदसद्विवेकबुद्धीच्या किल्ल्या आपण कोणा धर्मगुरूच्या हाती देणार नाही, हीच त्यांची भूमिका राहिली. पुढे १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि मग केडगावला मुक्ती मिशन उभे केले.

आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतही बंधने होती आणि ती एकेक करून सुटत गेली. स्त्रीने डोके झाकूनच चर्चमध्ये यावे हा नियम १९१७ च्या धर्मनियमसंहितेत होता, १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही. मुलींना वेदीसेवा करता येईल हे व्हॅटिकनने १९९४ साली स्पष्ट केले. पवित्र गुरुवारी स्त्रियांचेही पाय धुण्याची मुभा २०१६ साली आली. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत सेवापदे स्त्रियांना खुली केली. गुरुदीक्षेचा विषय वेगळा आहे, आज मी रोजच्या जगण्याविषयी बोलतो आहे. सांगायचे ते एवढेच की ज्याला आजी ‘देवाचा नियम’ म्हणत होती, त्यातले पुष्कळसे माणसाचे होते आणि म्हणून ते बदलता आले.

आणि जे बदलले, ते आपल्या मनात बदलले का? पाळी आली म्हणून रविवारचे वाचन दुसरीला द्यायला सांगणाऱ्या भगिनी अजून आहेत. ‘त्या दिवसांत’ वेदीवर जाऊ नकोस, असे मुलीला सांगणाऱ्या आया आहेत. ख्रिस्तसभेची ही शिकवण नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सुवार्ताप्रसारासाठी गेलेल्या ऑगस्टीन यांनी पोप महान ग्रेगरी यांना नेमका हाच प्रश्न विचारला होता. निसर्गाने जे होते तो तिचा दोष नाही, तिला चर्चमध्ये येण्यास मनाई करू नये आणि तिने कम्युनियन घेतले तर तिला दोष देऊ नये, असे उत्तर ६०१ च्या सुमारास गेले. कुणी स्वतःहून आदरापोटी कम्युनियन घेतले नाही तर तेही चांगलेच, असेही त्यांनी म्हटले, पण निर्णय तिच्यावर सोडला. आपल्या उत्तरात त्यांनी बारा वर्षे रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीचाच दाखला दिला (मार्क ५:२५-३४). लेवीय ग्रंथाप्रमाणे तिच्या स्पर्शाने माणूस अशुद्ध होत असे. तिने गर्दीत मागून प्रभूच्या वस्त्राला हात लावला. प्रभू तिच्यावर रागावला नाही. त्याने सर्वांसमोर तिला मुलगी म्हणून हाक मारली. चौदाशे वर्षांपूर्वी पोपने सोडवलेला प्रश्न आपल्या चाळीत आणि सोसायटीत अजून सुटलेला नाही!

लग्नघरातही जरा पाहा. आपण ख्रिस्ती आहोत, शकुन-अपशकुन मानत नाही, असे म्हणतो. तरी हळद लावायची वेळ आली की विधवा मावशीला कुणीतरी हळूच मागे थांबवते. बहुधा तीच स्वतः मागे सरकते, कुणी बोलायच्या आत. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्यांच्या घरात नवऱ्याच्या मृत्यूने बाई अशुभ कशी होते?

काळजी आणि पहारा

“फादर, तुम्हाला बोलायला सोपे आहे. जमाना खराब आहे. मुलगी डोंबिवलीहून रात्रीच्या लोकलने येते, तोवर आमच्या जिवात जीव नसतो.” हे मला पालक सांगतात, आणि ही भीती खोटी नाही. गर्दीच्या गाडीत दारात लटकणाऱ्या मुली, स्टेशनबाहेरचा अंधार, रिक्षाच्या रांगेतल्या नजरा, हे सगळे खरे आहे. आईवडिलांनी काळजी करू नये असे कोण म्हणेल?

पण काळजी वेगळी आणि पहारा वेगळा. काळजी करणारा विचारतो, “पोहोचलीस का? स्टेशनवर घ्यायला येऊ का?” पहारा करणारा विचारतो, “कुठे होतीस? कुणाबरोबर होतीस? एवढा वेळ कशाला लागला?” काळजी भावाचीही होते. पहारा फक्त बहिणीवर असतो. गायनवृंदाचा सराव साडेआठला संपतो म्हणून सून सराव सोडते, आणि मुलगा मध्यरात्री मित्रांबरोबर घरी आला तर आई उठून जेवण गरम करते. धोका रस्त्यावर आहे हे खरे. पण तो धोका निर्माण करणारेही कुणाचे तरी मुलगेच असतात. त्यांना घरी आपण काय शिकवतो?

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रियांच्या सार्वजनिक वावराचा अभ्यास करून २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिले. त्यातले एक निरीक्षण माझ्या मनात राहिले आहे. स्त्रीला बाहेर असण्यासाठी सतत काहीतरी काम दाखवावे लागते. भाजी, बँक, मुलांची शिकवणी, देवळात किंवा चर्चला जाणे. ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर पुरुष काही कारण नसताना तासभर उभा राहू शकतो. बाई तशी उभी राहिली की बघणाऱ्याला कारण हवे असते. कामाची पिशवी हातात असली तर बरे.

आता पुन्हा विहिरीकडे चला. ती शमरोनी स्त्री घागर घेऊन आली होती. घागर हे तिचे बाहेर असण्याचे कारण होते. तिला पापी ठरवून प्रवचने संपतात, पण शुभवर्तमानात प्रभू तिला एकदाही दटावत नाही. पाच नवरे कसे झाले, मेले की सोडून गेले, हे लिहिलेले नाही. त्या काळी घटस्फोटाचा अधिकार मुख्यतः पुरुषाच्या हाती होता, एवढे मात्र आपल्याला ठाऊक आहे. प्रभू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी उपासनेविषयी बोलतो, आपण मसीहा आहोत हे तिला सांगतो. शिष्य परत येतात आणि तो एका बाईशी बोलतो आहे याचेच त्यांना आश्चर्य वाटते. आणि ती? ती घागर विहिरीपाशीच ठेवते आणि गावात जाऊन लोकांना सांगते. घरी जाऊन विचारून येते, असे ती म्हणत नाही. प्रभूही तिला म्हणत नाही की आधी परवानगी आण. तिच्या शब्दावरून त्या गावातल्या पुष्कळांनी विश्वास ठेवला.

‘पत्नींनी अधीन असावे’ त्याचे काय?

काही बंधू मला संत पौलाचे इफिसकरांस पत्र दाखवतात. पत्नींनी पतीच्या अधीन असावे असे तिथे लिहिले आहे ना? लिहिले आहे. पण त्याच्या आधीचे वचन (इफिस ५:२१) सर्वांनी एकमेकांच्या अधीन होण्याविषयी आहे, आणि पुढे पतींना सांगितले आहे ते ख्रिस्ताप्रमाणे स्वतःला देऊन टाकण्याविषयी. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेवर लिहिलेल्या पत्रात हे स्पष्ट केले की विवाहातली अधीनता परस्परांची आहे, एकतर्फी नाही. त्याहीआधी १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्त्रीला जोडीदार निवडण्याचा, जीवनमार्ग निवडण्याचा किंवा पुरुषाइतके शिक्षण घेण्याचा हक्क नाकारणे देवाच्या योजनेविरुद्ध असल्याचे सांगितले. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१० साली स्त्री-पुरुष समानतेचे धोरणही प्रसिद्ध केले. धर्मग्रामांच्या कपाटांत ते असेल. कपाटातून ते बाहेर काढायचे काम आपले आहे.

बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला एक तेल आणि मुलीला दुसरे तेल लावत नाहीत. दोघांनाही एकाच पाण्याने देवाची लेकरे केले जाते. तिचे स्वातंत्र्य तिला तिथे मिळाले. ते देणारा देव आहे. मग ‘मी तिला करू देतो’ असे म्हणणारा बाप किंवा नवरा आपल्या हातात नसलेली वस्तू वाटत असतो.

या प्रायश्चित्तकाळात

उपवास म्हणून कुणी मांस सोडते, कुणी दारू सोडते, कुणी मोबाईल कमी करते. यंदा आपल्या धर्मग्रामातल्या बंधूंना मी आणखी एक उपवास सुचवतो. ‘करू देतो’ हे शब्द पुनरुत्थानाच्या सणापर्यंत तोंडातून काढू नका. तोंडात आले तर थांबा, आणि विचारा, “तुला काय वाटते?” उत्तर येईपर्यंत गप्प राहा.

पगार तिचा आणि एटीएम कार्ड तुमच्या खिशात असेल, तर ते तिला परत करा. माहेरी कधी जायचे हे तिने ठरवून तुम्हाला कळवू द्या, जसे तुम्ही तिला कळवता. मुलीला विचारता ते प्रश्न मुलालाही विचारा. घरातले जेवण आणि भांडी दोघांवर येऊ द्या, म्हणजे सून गायनवृंदात परत येईल. लग्नघरात पहिली हळद लावायला विधवा बहिणीला बोलावा, तिने मागे सरकण्याआधी.

आणि भगिनींनो, तुमच्यासाठीही. सुनेवरचा सर्वांत कडक पहारा पुष्कळदा सासूचा असतो, आणि मुलीला पाळीच्या दिवसांत मागे बसवणारी आईच असते. जे तुम्ही सोसले ते पुढच्या पिढीला जसेच्या तसे देऊ नका. पुढच्या रविवारी पहिले वाचन करायला तुमचे नाव असेल, तर कॅलेंडर पाहून नाव काढू नका. मी वाट पाहीन.

प्रभू येशू, विहिरीवर आलेल्या स्त्रीला तू जिवंत पाणी दिलेस. आमच्या घरातल्या प्रत्येक आईला, पत्नीला, सुनेला आणि मुलीला तू दिलेले स्वातंत्र्य आम्ही अडवू नये, यासाठी आमची मने मोठी कर. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू